याकी संगीतातून गिटार शिकवायची कशी

गिटारच्या बहुतेक वर्गांत पहिल्याच दिवशी कॉर्डचे तक्ते हातात पडतात आणि उजव्या हाताकडे पुढचे दोन-तीन महिने कोणी फारसं बघत नाही. याकी समाजाचं पारंपरिक संगीत घेऊन शिकवायचं ठरवलं, तर हा क्रम उलटा करावा लागतो. या संगीतात चाल व्हायोलिनकडे असते. गिटारने त्या चालीला खालून आधार द्यायचा आणि नाचणाऱ्याच्या पायाला ठेका पुरवायचा. कॉर्ड दोन, फार तर तीन. पण नाच तासन्‌तास चालतो आणि तेवढा वेळ ठेका ढळता कामा नये. म्हणून आधी उजवा हात, मग कान आणि डावा हात सगळ्यात शेवटी.

याकी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेत योएमे, हे मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या याकी नदीच्या खोऱ्यातले मूळ रहिवासी. कोकोरित, बाकुम, विकाम, पोताम, तोरिम, राहुम, ऊइरिविस आणि बेलेम ही त्यांची आठ गावं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी चालून आलेल्या स्पॅनिश फौजेला हरवलं, त्यानंतर तह केला आणि १६१७ मध्ये जेझुइट पाद्री त्यांच्याकडे आले. १७६७ मध्ये जेझुइटांना स्पॅनिश साम्राज्यातून हाकलण्यात आलं. मधल्या दीडशे वर्षांत युरोपीय तारवाद्यं इथे रुजली आणि याकींनी ती पूर्ण आपलीशी केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत, हजारो याकींना पकडून दूर युकातानमधल्या घायपाताच्या मळ्यांवर राबायला पाठवलं गेलं. अनेक कुटुंबं जीव वाचवून उत्तरेला अमेरिकेत गेली आणि अॅरिझोनात तूसॉनजवळ आणि फीनिक्सजवळच्या ग्वादालूपे गावात स्थिरावली. पास्कुआ याकी ही त्यांची अमेरिकेतली जमात. तिला १९७८ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने मान्यता दिली. हे संगीत आज सीमेच्या दोन्ही बाजूंना वाजतं.

गोव्याच्या वाचकांना यातला एक धागा ओळखीचा वाटेल. तिथेही मिशनऱ्यांमुळे व्हायोलिन आलं आणि चर्चच्या शाळांमधून स्वरलिपीसकट शिकवलं गेलं. याकींकडे मात्र वाद्य कागदाशिवाय पुढे गेलं. जाणत्या वादकाशेजारी बसायचं, बघायचं, ऐकायचं आणि जमेल तेव्हा सोबत वाजवायचं, ही तिथली रीत. शिकवण्याची पद्धत ठरवताना ही गोष्ट सगळ्यात वजनदार आहे.

गिटार कुठे वाजते, कुठे नाही

याकी संगीत म्हटलं की लोकांना आधी हरणाचा नाच आठवतो. डोक्यावर हरणाचं मस्तक, हातात भोपळ्याचे खुळखुळे, कमरेला हरणाच्या खुरांचा पट्टा आणि पोटऱ्यांभोवती गुंडाळलेले ‘तेनेबोइम’. हे तेनेबोइम म्हणजे मोठ्या पतंगाच्या रिकाम्या कोशांत बारीक खडे भरून ओवलेल्या लांबलचक माळा. पाऊल टेकलं की त्या सळसळतात. हरणाची गाणी म्हणणारे जमिनीवर बसतात. त्यांच्याकडे खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या असतात, त्या अर्ध्या भोपळ्यावर टेकवून दुसऱ्या काठीने घासतात. एकाकडे पाण्याचा ढोल असतो, म्हणजे पाण्याच्या भांड्यात उपडा तरंगणारा अर्धा भोपळा. इथे गिटार नाही, आणि ती आणायचीही नाही. या गाण्यांमध्ये ‘सेआ आनिआ’ या फुलांच्या जगाचं आणि रानाचं वर्णन असतं. ती गाणाऱ्यांची परंपरागत जबाबदारी आहे. त्यांची चाल उचलून गिटारवर बसवणं हा याकी संगीताचा पाठ होत नाही.

त्याच मांडवात पास्कोला, म्हणजे मुखवटेवाले नर्तक, नाचतात. त्यांच्यासाठी दोन वेगळ्या जोड्या वाजतात. एक जोडी हार्प आणि व्हायोलिनची. दुसरीत एकच माणूस असतो, ताम्पालेओ, जो डाव्या हाताने बोरूची बासरी आणि उजव्या हाताने ढोल एकाच वेळी वाजवतो. तारवाद्यांवर नाचताना पास्कोलाचा मुखवटा तोंडावरून बाजूला किंवा डोक्यामागे सरकवलेला असतो. बासरी-ढोलावर नाचायची वेळ आली की तो मुखवटा चेहऱ्यावर ओढतो आणि ‘सेनाअसो’ नावाचा चकत्यांचा खुळखुळा हातात घेतो. वाद्य बदललं की माणसाचं रूपही बदलतं. गिटार शिकणाऱ्याने हे एकदा तरी लक्ष देऊन समजून घ्यावं. इथे वाद्याचा आवाज नाचणाऱ्याला नेमकं काहीतरी सांगत असतो, त्यामुळे ‘आपल्या आवडीने’ वाजवण्याला फार जागा उरत नाही.

गिटारचं खरं घर माताचिनी मंडळींकडे आहे. माताचिनी हे मारियामातेला वाहिलेल्या नर्तकांचं मंडळ. मूल आजारी पडलं की आईवडील नवस बोलतात आणि मूल बरं झालं की ते या मंडळात येतं, त्यामुळे लहान मुलंही इथे असतात. डोक्यावर रंगीत कागदी झिरमिळ्यांचा मुकुट, एका हातात खुळखुळा, दुसऱ्या हातात पिसांची काठी. पुढे मोनाहा, म्हणजे म्होरक्या. तो इशारा देतो आणि रांगांची रचना बदलते. साथीला व्हायोलिनं आणि गिटारी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात माताचिनी नाचत नाहीत, पवित्र शनिवारी ते पुन्हा उतरतात. नवसाचं, उपासनेचं संगीत आहे हे. समाजातल्या मुलांना ते त्यांच्याच वडीलधाऱ्यांनी शिकवायचं असतं. बाहेरच्या शिक्षकाने माताचिनीची एखादी चाल ऐकून ‘धडा ५’ करून टाकू नये.

याशिवाय याकी वस्त्यांमध्ये घरगुती गाणी, कोरिदो (मेक्सिकोतली कथागीतं) आणि नॉर्तेन्यो, म्हणजे उत्तर मेक्सिकोच्या, पद्धतीचं नाचगाण्याचं संगीत भरपूर आहे. ते उपासनेशी बांधलेलं नाही. शाळेच्या किंवा समाजकेंद्राच्या वर्गात गाणं घ्यायचं झालं तर इथून घ्यावं. तेही जे गाणं मुलांच्या घरी म्हटलं जातं तेच, आणि घरच्यांना विचारून.

सहा मात्रा, दोन प्रकारे

या संगीताची मुख्य अडचण लयीत आहे. काही चाली सरळ दोनाच्या असतात, त्या पटकन हाताला लागतात. पण पुष्कळ चाली सहाच्या असतात, आणि त्या सहाची विभागणी दोन प्रकारे होऊ शकते.

पहिली विभागणी मराठी वाचकाला दादऱ्यामुळे ठाऊक आहे: एक दोन तीन चार पाच सहा. जोर दोन ठिकाणी, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. दुसरी अशी: एक दोन तीन चार पाच सहा. आवर्तन तेवढंच लांब, पण जोर तीन ठिकाणी, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर. तार वाजवणारे वादक पहिल्यावरून दुसऱ्यावर सहज जातात, कधी एक व्हायोलिन एका विभागणीत आणि साथ दुसरीत असते. स्पेनमधून आलेल्या नाचांच्या चालींची ही जुनी ओळख आहे. पास्कोलाच्या रात्रीची सुरुवात ज्या चालीने होते तिला कानारिओ म्हणतात. याच नावाचा, सहाच्या या दुहेरी विभागणीवर चालणारा नाच सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनमध्ये लोकप्रिय होता आणि त्या काळच्या गिटारच्या लिपीतही तो सापडतो. शिकवण्यासाठी याचा अर्थ एवढाच की दुहेरी सहा पक्के झाल्याशिवाय पुढचं काही खरं नाही.

पहिले तीन-चार तास गिटार पेटीतच राहू द्यावी. झाकणाच्या छोट्या बाटलीत दोन चमचे मूग भरून प्रत्येकाला एक खुळखुळा द्यावा (माताचिनीचे खुळखुळे विधीचे असतात, ते वर्गात आणायचे नाहीत). उभं राहून डावा पाय एकवर, उजवा पाय चारवर टेकायचा. हातातला खुळखुळा सहाही मात्रांवर. मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १२० मात्रांवर ठेवला की एक आवर्तन बरोबर ३ सेकंदांत येतं. हे पाच मिनिटं न चुकता झालं की पाय तसेच ठेवून खुळखुळ्याचा जोर एक, तीन, पाचवर आणायचा. पाय दोनात, हात तिनात.

इथे दोन चुका हमखास होतात. हाताचा जोर बदलला की पायही त्याच्यामागे जातात आणि तीन ठिकाणी पडू लागतात. तसं झालं तर हात थांबवावा, पाय पुन्हा दोनात बसू द्यावेत आणि एकाच आवर्तनापुरता हात बदलून लगेच परत यावं. एक आवर्तन असं, एक तसं. दुसरी चूक कळायला कठीण: तीनची विभागणी आली की विद्यार्थी नकळत वेग वाढवतो, कारण जोर जास्त ठिकाणी पडतात तर लय चढल्यासारखी वाटते. मेट्रोनोम फक्त पहिल्या मात्रेवर वाजेल असा लावला, म्हणजे मिनिटाला २० ठोके, की ही चूक लगेच उघडी पडते. पुढचा ठोका येण्याआधीच विद्यार्थी ‘एक’वर पोचलेला असतो.

उजवा हात

आता गिटार हातात. डाव्या हाताची बोटं सगळ्या तारांवर हलकी टेकवायची, दाबायची नाहीत. स्वर उमटणार नाही, फक्त ‘खच’ असा आवाज येईल. तोच हवा आहे. पहिल्या मात्रेवर जाड तारांपैकी एकच तार, दुसऱ्या-तिसऱ्यावर बारीक तीन-चार तारांवर हलका डाउन स्ट्रोक. चौथ्यावर पुन्हा एक जाड तार, पाच-सहावर हलके स्ट्रोक. म्हणजे बास–स्ट्रोक–स्ट्रोक, बास–स्ट्रोक–स्ट्रोक. दुसऱ्या विभागणीत बास–स्ट्रोक, बास–स्ट्रोक, बास–स्ट्रोक. सगळे स्ट्रोक खालच्याच दिशेने. वर-खाली वाजवलं तर सहाच्या चक्रात जोर चुकीच्या जागी सरकतो.

हालचाल मनगटातून आणि थोडी कोपराखालच्या हातातून. खांद्यातून हात हलवणारा विद्यार्थी दहा मिनिटांत थकतो आणि इथे तर साथ एकामागून एक चालींना करायची असते. पिक वापरायचा असेल तर पातळ, ०.६० ते ०.७३ मिलिमीटरचा. जाड पिकने व्हायोलिन झाकलं जातं. व्हायोलिनची चाल ऐकू येत नसेल तर गिटार जास्त मोठ्याने वाजते आहे, यात तडजोड नाही.

वाद्य कोणतंही चालेल, पण नव्या मुलांना नायलॉनच्या तारांची गिटार द्यावी. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना अर्ध्या किंवा पाऊण मापाची. पूर्ण मापाची गिटार त्यांच्या उजव्या काखेत अडकते, मग मनगट मोकळं राहत नाही आणि वर सांगितलेला सगळा भाग वाया जातो.

तीन कॉर्ड आणि एक न उठणारं बोट

माताचिनीच्या आणि घरगुती चाली बहुतेक मेजर असतात आणि दोन-तीन कॉर्डमध्ये बसतात. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई अशा असल्यामुळे डी पट्टी सगळ्यांना सोयीची. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी दोन. लागणाऱ्या कॉर्ड: डी, ए सेव्हन आणि जी. तारा मोजताना सगळ्यात बारीक ती पहिली. फ्रेट म्हणजे दांडीवरची आडवी धातूची पट्टी आणि तिच्या अलीकडचा खण.

डी: तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये. चौथी तार मोकळी.

ए सेव्हन: मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, अनामिका दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये. बाकी मोकळ्या, सहावी टाळायची.

जी: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये.

अनामिकेकडे नीट बघा. तिन्ही कॉर्डमध्ये ती दुसऱ्या तारेवरच आहे. डीवरून जीवर जाताना ती जागची हलत नाही. डीवरून ए सेव्हनवर जाताना तार न सोडता एक फ्रेट मागे घसरते. म्हणजे या बोटाने तार कधीच सोडायची नाही. इतर बोटं तिच्याभोवती फिरतात. पुस्तकांत जी कॉर्ड बहुधा दुसरी तार मोकळी ठेवून दाखवलेली असते आणि ए सेव्हनला कधीकधी तर्जनी-मधलं बोट सांगितलेलं असतं. तसं केलं तर प्रत्येक बदलाला सगळी बोटं हवेत उचलावी लागतात, बोटं जागा शोधत राहतात आणि तेवढ्यात उजवा हात थांबतो. नाच चालू असताना उजवा हात थांबणं हा इथला सगळ्यात मोठा दोष आहे. डावी बोटं वेळेत पोचली नाहीत तरी चालेल, ‘खच’ वाजू द्या, पण हात चालूच ठेवा. सुरुवातीपासून हा नियम मोडू दिला नाही तर महिन्याभरात डावा हात आपोआप वेळेवर पोचू लागतो.

सराव असा: डी चार आवर्तनं, ए सेव्हन चार. मग दोन-दोन. मग एक-एक. जी त्यानंतर आणावी. वेग १२० मात्रांवरून आठ-आठने वाढवावा, आणि ज्या वेगाला एकदाही हात थांबला, तिथून एक पायरी खाली यावं.

बासच्या तारा आलटून पालटून घ्यायच्या. डीला पहिल्या मात्रेवर मोकळी चौथी, चौथ्या मात्रेवर मोकळी पाचवी. ए सेव्हनला पाचवी आणि मोकळी सहावी (स्ट्रोकमध्ये टाळायची, पण बास म्हणून एकटी चालते). जीला दाबलेली सहावी आणि मोकळी चौथी. यामुळे दोन बासचे आवाज वेगळे होतात आणि नाचणाऱ्याला डावं-उजवं पाऊल ऐकू येतं.

कॉर्ड कधी बदलायची, हे कानाने ठरवणं

कागदावर ‘इथे ए सेव्हन’ असं लिहून देण्याचा मोह टाळावा. व्हायोलिनवादक एखादी ओळ तिसऱ्यांदा घेईल, एखादं आवर्तन जास्त घेईल, म्होरक्याने रचना बदलली तर आधीच थांबेल. कागद बघणारा गिटारवादक अशा वेळी पुढे निघून जातो.

डी हा सा धरला तर डी कॉर्डमध्ये सा, ग, प हे स्वर आहेत. ए सेव्हनमध्ये प, नि, रे, म. जीमध्ये म, ध, सा. चालीतले जोराचे स्वर, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या मात्रेवरचे, ऐकायचे. सा किंवा ग वर जोर असेल तर डी. रे किंवा नि वर असेल तर ए सेव्हन. ध वर असेल तर जी. प दोन कॉर्डमध्ये आहे आणि म सुद्धा दोन, त्यामुळे ते एकटे आले तर फसवतात. अशा वेळी शेजारचा स्वर ऐकूनच ठरवावं.

सरावासाठी ही साधी ओळ घ्या. ती याकी चाल नाही, फक्त व्यायाम म्हणून रचली आहे. प्रत्येक गटात सहा मात्रा:

सा सा ग प म ग | रे रे ग म रे नि | रे रे ग म रे नि | सा ग रे सा – –

(नि मंद्र सप्तकातला.) शिक्षकाने ही ओळ गावी किंवा दुसऱ्या गिटारवर वाजवावी. विद्यार्थ्यांनी आधी फक्त बास गुणगुणावा: पहिल्या आवर्तनाला सा, मधल्या दोन्हींना खालचा प, शेवटी सा. हे गळ्यातून आलं की मग डी, ए सेव्हन, ए सेव्हन, डी. आता एक कसोटी. शिक्षकाने न सांगता दुसरं आवर्तन तीनदा घ्यावं. जो विद्यार्थी ए सेव्हनवर थांबून राहील त्याचा कान जागा आहे. जो सवयीने डीवर गेला त्याला चूक ऐकू येईल, कारण गाण्यातला रे त्याच्या कॉर्डमधल्या सा आणि ग च्या मध्ये अडकतो आणि टोचतो. चूक शिक्षकाने सांगण्यापेक्षा कानाला टोचलेली जास्त उपयोगी पडते.

शेवटच्या आवर्तनात बास एक, तीन, पाचवर आणला की तीनाची विभागणीही याच ओळीत बसते.

जुळवणी: गिटारने व्हायोलिनकडे जायचं

हातातल्या फोनवर ट्यूनर असतो, म्हणून विद्यार्थी घरून गिटार जुळवून येतात आणि व्हायोलिनशी ती बेसूर होते. व्हायोलिन दर वेळी ट्यूनरच्या ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. पुढाकार व्हायोलिनचा, म्हणून जुळवून घ्यायचं गिटारने.

दोन्ही वाद्यांत एक सोयीची गोष्ट आहे. गिटारची मोकळी तिसरी तार आणि व्हायोलिनची मोकळी जी तार एकाच उंचीच्या, १९६ हर्ट्झ. तिथून सुरू करावं. गिटारच्या चौथ्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून झंकार काढला की व्हायोलिनची डी मिळते. पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटवर तसंच केलं की व्हायोलिनची ए. पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटवर व्हायोलिनची ई. दोन आवाज एकत्र वाजले की त्यांच्यात ‘वँव वँव’ अशी लाट ऐकू येते. ती मंद होत जाऊन थांबली की तार जुळली. दुसरी आणि सहावी तार राहतात. सहाव्या तारेचा पाचव्या फ्रेटवरचा झंकार पहिल्या मोकळ्या तारेशी जुळवावा. तिसरी तार चौथ्या फ्रेटवर दाबून दुसरी तिच्याशी.

व्हायोलिन अर्धा स्वर चढं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावणं बरं. सगळ्या तारा ताणत एका पूर्ण स्वराच्या वर नेल्या तर पहिली तार तुटायची भीती असते. व्हायोलिन उतरतं असेल तर गिटारही उतरवावी.

पास्कोलाच्या हार्प-व्हायोलिनवाल्यांकडे ही जुळवणी संगीताचाच भाग आहे. रात्र जसजशी पुढे सरकते तशी वाद्यं वेगळ्या प्रकारे जुळवली जातात आणि त्या त्या प्रहराच्या चाली वाजतात. रागांची वेळ मानणाऱ्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ताम्पालेओ ढोलाचं कातडं निखाऱ्यांवर शेकून ताणतो.

सोनोराच्या वाळवंटातली कोरडी हवा गिटारला सोसत नाही. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली बराच काळ राहिली तर फळी आत बसते, तारा फ्रेटच्या फार जवळ येतात आणि खरखरतात, फ्रेटची टोकं लाकडाबाहेर येऊन डाव्या हाताला ओरखडे काढतात. विद्यार्थी म्हणतो ‘माझं बोट नीट दाबत नाही’, आणि चूक हवेची असते. पेटीत ओलसर स्पंजाचा डबा ठेवावा, गिटार भिंतीवर टांगून ठेवू नये. जुलैपासून तिथे पावसाळी वारे आले की लाकूड फुगतं आणि तारा उंच होतात, तेव्हा स्पंज काढून घ्यावा. कोकणात आणि मुंबईत हा दुसराच त्रास जास्त.

ध्वनिमुद्रण नाही, मग काय

अॅरिझोनातल्या याकी वस्त्यांत ईस्टरच्या विधींना पाहुणे येऊ शकतात, पण छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, चित्र काढणं, टिपणं घेणं, सगळ्याला मनाई असते. फोन खिशात ठेवायचा आणि ऐकायचं. ज्या शिक्षकाला वाटतं की आपण तिथून चाली ‘गोळा’ करून वर्गात देऊ, त्याने हा बेत सोडून द्यावा.

घरी ऐकायला साहित्य आहे. अमेरिकी संगीत-अभ्यासक फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९२२ मध्ये ग्वादालूपे इथे याकी गायक-वादकांची मुद्रणं केली आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये निघाला. पुढे फीनिक्सच्या कॅनियन रेकॉर्ड्सने याकी वादकांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. व्हायोलिनच्या गजाचा फटका कसा असतो, साथ किती मागे राहते, सहाचं चक्र कुठे फिरतं, हे त्यातून कळतं. एक ओळ ऐकायची, बंद करायची, गुणगुणायची, दुसऱ्या दिवशी परत ऐकायची. ऐकताना गिटार हातात घेऊ नये, नाहीतर बोटं ओळखीच्या कॉर्डकडे पळतात आणि कान मागे पडतो.

समाजातल्या मुलांसाठी वर्ग असेल तर भाषेलाही जागा द्यावी. योएम नोकी, म्हणजे याकी भाषा, बोलणारे वडीलधारे वर्गात असतील तर मुलांनी आल्यावर त्यांना ‘लिओस एम चानिआबु’ म्हणावं, उत्तर येतं ‘लिओस एम चिओकोए’. या भाषेत स्वर लांब-आखूड केल्याने अर्थ बदलतो. म्हणून याकी शब्दांचं गाणं शिकवताना आधी ओळ नुसती बोलायची, लांब स्वर कुठे आहेत ते वडीलधाऱ्यांकडून तपासायचं, मग ठेक्यावर बोलायची आणि शेवटी गायची. कॉर्डच्या सोयीसाठी शब्द ताणायचा नाही. शब्द लांब असेल तर स्ट्रोक वाढवावेत.

याकी घरातलं मूल पुढे शास्त्रीय गिटारकडे वळलं तरी हे शिक्षण वाया जात नाही. पास्कुआ याकी जमातीचे गाब्रिएल आयाला शास्त्रीय गिटारचे नावाजलेले वादक आहेत. आणि जो याकी नाही, त्याने या पद्धतीतून दुहेरी सहा, न थांबणारा उजवा हात आणि स्वरावरून कॉर्ड ओळखणारा कान एवढं जरूर घ्यावं. माताचिनीची चाल शिकायचीच असेल तर त्या मंडळाच्या वादकांना विचारावं, आणि ते नाही म्हणाले तर तिथेच थांबावं.